मोडक्या शिंगाचा बैल

नवऱ्याला व्यसनमुक्ती केंद्रात टाकलं, त्या वर्षी आमच्या पिंपळगाव राजाकडे कपाशीत बोंडअळी माजली होती. गावातले सगळे बेवडे अळीच्या नावानं पीत. आमचा त्यांचा म्होरक्या. बीटी कपाशी नवी आली, पीक भरघोस झालं, तेव्हा हा खुशीत प्यायला. अळी पडली तेव्हा दुःखात. मधल्या वर्षांत काहीच झालं नाही, तर करमत नाही म्हणून प्यायला.

पोळ्याच्या आधी केंद्रातून भेटीला बोलावलं. मी ठरवूनच गेले. यानं एक गोष्ट खरी सांगितली तर याला घरी आणायचं, नाही तर मी चालले नांदुऱ्याला भावाकडे.

गोष्ट बैलाची होती. काही वर्षांआधी ऐन पोळ्याच्या तोंडावर आमच्या पांढऱ्या बैलाचं डावं शिंग मोडलं. असा बैल तोरणाखाली कोण उभा करणार? ना शिंगाला हिंगूळ, ना बेगड. सासूनं साऱ्या गावासमोर खापर माझ्यावर फोडलं, "इनंच आखूड बांधला, म्हणून खुट्याले हिसडला." नवरा शेजारी मुक्यासारखा उभा. गोठ्यात बैलगाडीच्या कडेचा लाकडी दांडा, उभारी, पडलेली मी पाहिली होती. विचारलं की म्हणायचा, "मले काय मालूम!"

पुढे बैलजोडीच विकली, पण माझ्या नावाचा डाग गेला नाही.

केंद्रात पाहते तर काय, बाप्ये माणसं चिखल मळत बसलेली! दारू सोडवायला आणलं की बालवाडीत घातलं? शिकवणाऱ्या मॅडम शहरातल्या, बोलणं साखरेत घोळलेलं. "ताई, मातीतून मन मोकळं होतं."

"यायचं मन रोजच मोकळं होते मॅडम, बाटलीतून," मी म्हटलं.

टेबलावर पोळ्याचे बैल मांडले होते. एक तर निव्वळ डुक्कर. आमच्या नवऱ्याची जोडी त्यातल्या त्यात बरी.

"यांच्या एका बैलाचं शिंग मी दोनदा चिकटवलं," मॅडम म्हणाल्या, "पण हे पुन्हा मोडतात."

मी पाहिलं. डावं शिंग.

"काऊन मोडता?"

नवऱ्यानं तो बैल हातात घेतला. मग म्हणाला, "म्याच मोडलं होतं. उभारीनं. पेलो होतो. तुह्यावर ढकललं."

रडू वगैरे काही आलं नाही, आग झाली अंगाची. इतकी वर्षं बायको विचारून थकली, अन् या बहाद्दराचं तोंड उघडलं चिखलानं!

"मले काय सांगता? घरी चाला, तुमच्या मायले सांगा."

घरी सासू ओसरीवर वाती वळत होती. त्यानं ते मातीचे बैल तिच्यापुढं ठेवले अन् सगळं सांगितलं, शुद्धीत. तिच्या वाती काही थांबल्या नाहीत.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "म्या पाह्यलं होतं. पण पोराले गावात उघडं पाडू का?"

म्हणजे सुनेला पाडलेलं चालतं! वा रे माय!

ज्याच्या घरी बैल नाही तो पोळ्याला मातीचे पुजतो. मी जोडी उचलून दारातल्या पाटावर मांडली, मोडकं शिंग रस्त्याच्या बाजूला.

"पोळ्याले गावातल्या बाया येतीन," मी सासूला म्हटलं. "हे कोनं मोडलं, ते आता तुमीच सांगसान."