तहानलेल्याचं तोंड

गावच्या गोम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, ओसरीत मुटुप चितारी आयुष्यभर एकच चित्र रंगवत आला, यमाने जबड्यात धरलेलं भवचक्र. मधोमध डुक्कर, साप आणि कोंबडा. भोवती देव, माणसं, जनावरं, भुकेली पिशाच्चं, नरक, आणि प्रत्येकात एक बुद्ध. बर्फाने रंग उडाला की मुटुप नवा चढवायचा. हात सोन्यासारखा, पण माणूस डूख धरणारा.

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या भावाने, जिग्मेतने, मुटुपच्या पाळीचं पाणी परस्पर आपल्या शेताकडे वळवलं. मुटुपचा जव उभ्या उभ्या करपला. त्याने भावाशी अबोला धरला आणि चक्रातल्या भुकेल्या पिशाच्चाला, ज्याच्या दोऱ्याएवढ्या गळ्यातून पाणीही उतरत नाही त्या जिवाला, जिग्मेतचं तोंड काढलं. गालावरच्या तिळासकट! लामाजींनी मंत्र म्हणून भिंतीत प्राणही घातले. मुटुप मनात म्हणाला, बस आता तहानलेला.

यंदा जिग्मेतचा गळाच मिटत चालला. लेहच्या डॉक्टरांनी हात टेकले. सातूची पेजसुद्धा उतरत नाही, असं भावजय रडत सांगून गेली.

तेव्हापासून मुटुपच्या जिवाला थारा नव्हता. चहाचा घोट घ्यावा तर तो तोंडातच फिरे. शेतात जाई, अर्ध्या वाटेवरून परत येई. आज भाऊ आशीर्वादाला गोम्पात येणार हे कळलं, तसा तो चाकू घेऊन ओसरीत धावला. लामाजींनी त्याचा हात धरला.

“प्राण घातलेली भिंत खरवडतोस? वेड लागलं का? आणि चित्राने कधी कुणाचा गळा धरलाय?”

“मला धरायचा होता, लामाजी. म्हणून तर तिथे त्याचं तोंड काढलं.”

इतक्यात बायकोच्या आधाराने जिग्मेत पायऱ्या चढून आला. मुटुप चित्राला पाठ लावून उभा राहिला.

“सरक, आचो,” जिग्मेत थोरल्या भावाला घोगऱ्या आवाजात म्हणाला. “गावभर झालंय. मलाच तेवढं दाखवायचं राहिलंय.”

मुटुप सरकला. जिग्मेतने चित्र निरखलं.

“नाक बरं जमलंय. पण बुद्ध कुठाय? नरकात आहे, जनावरांत आहे. माझ्यापाशी अमृताचं भांडं घेऊन उभा राहणारा कुठे गेला?”

मुटुपने पाहिलं. खरंच नव्हता. तिथे नुसती वाळू रंगवलेली होती. इतक्या वर्षांत ही चूक त्याच्या हातून कधी झाली नव्हती. रागाच्या भरात त्याने खुद्द बुद्धालाच वगळलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“खरवडायचं नाही,” लामाजी हलकेच म्हणाले. “पण बुद्ध रंगवायला कोण नको म्हणतंय?”

मुटुप रंग कालवायला बसला. जिग्मेत भिंतीला टेकून बघत राहिला.

“किती वेळ लागेल, आचो?”

“संध्याकाळ होईल, नोनो,” मुटुप धाकट्याला म्हणाला.

“तोवर मी काय करू?”

मुटुपने कुंचला खाली ठेवला. ओढ्यावरून वाटीभर पाणी आणलं, लोकरीचा बोळा त्यात बुडवून भावाच्या ओठांवर पिळला. एक थेंब ओघळला. दुसरा कसाबसा खाली उतरला.

“माझ्या पाळीचं आहे,” मुटुप म्हणाला. “पी.”