पंखा बंद करतो जरा

"पंखा बंद करतो जरा," असं म्हणून ते खुर्चीतून उठायचे आणि भर मे महिन्यात पंख्याचं बटण बंद करायचे.

हिंगोलीतला मे ज्यांनी काढला आहे त्यांना यातला वेडेपणा समजावून सांगायला नको. बाहेर डांबर मऊ पडलेलं असायचं. एसटी डेपोकडून येणारी माणसं डोक्याला रुमाल गुंडाळून आमच्या दुकानात शिरायची, ती कामासाठी जेवढी, तेवढीच सावलीसाठी. आणि आमचे मालक पंखा बंद करून आत गेम खेळत बसलेले.

"अहो काका, जीव घेता का?" एखादा म्हणायचा.

"दोन मिन्टं. आवाज नीट येत न्हाई."

"मग हेडफोन लावा की."

"कानात नगं. खोलीत यायला पाहिजे."

असं उत्तर देणारा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आपण हसतो आणि पुढे जातो. मीही तेच केलं.

दुकान म्हणजे झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि ऑनलाइन फॉर्म. बी.एस्सी. झाल्यावर मी तिथे टायपिंगला लागले. मागे प्लायवूडचा आडोसा होता आणि त्याच्या पलीकडे एक जुना कॉम्प्युटर. पूर्वी इथे सायबर कॅफे होता, त्यातला हा शेवटचा. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, आणि चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो. काकांनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं. गिऱ्हाइकांना सांगायचे, "मॅडमचा आवाज ब्यांकेत ठेवलेला हाय, फिक्समधी. तुमी कागद द्या, काम होतंय बराबर." लोक हसायचे आणि मला काही विचारायचे नाहीत. माझी थट्टा करून त्यांनी माझी किती सोय केली होती, हे मला उशिरा कळलं.

गेम फार जुना होता. हातात बंदूक, समोर तळघर आणि कोपऱ्याकोपऱ्यातून धावून येणारे राक्षस. खेळणारा स्वतःला दिसत नाही, फक्त त्याची बंदूक दिसते. सगळं चौकोनी, ठोकळ्यांचं. पण काका बंदूक चालवतच नसत. ते एका ठरावीक दारातून आत जायचे, राक्षसासमोर उभे राहायचे आणि मार खायचे. पडद्याच्या कडा लाल व्हायच्या. मग वळून पळायचे ते कोपऱ्यातल्या औषधाच्या पेटीकडे. ती उचलली की जखम बरी व्हायची. आणि पुन्हा राक्षसाकडे.

कॉलेजची पोरं आडोशावरून डोकावायची. "काका, मारा ना त्याला! उभे काय राहून राहिले?"

"मारतो, मारतो. दम धर जरा."

"लय कच्चे हाव तुमी."

"बराबर," काका म्हणायचे. हा त्यांचा सगळ्याला जबाब होता.

काउंटरवरून मला अधूनमधून एक वाक्य ऐकू यायचं, "हां, आता बरं वाटून राहिलं." त्यामागे घरघर असायची. मला वाटायचं, काका स्वतःशीच बोलतात. आवाज त्यांचाच वाटायचा, थोडा हलका. एकट्या माणसाला सवयी असतात, म्हणून मी कधी विचारलं नाही.

मग एका पोराने त्यांना बातमी दिली, की तो जुना गेम नव्याने येऊन राहिला. काकांनी मला आत बोलावलं. "मॅडम, तुमचं इंग्रजी काढा बाहीर. काय लिवलंय, सांगा."

मी वाचून सांगितलं. तीच तळघरं, तेच राक्षस, पण सगळं पहिल्यापासून पुन्हा केलेलं. भिंतींना ओल दिसणार, पाण्यात उजेड हलणार. आवाजही सगळे नवे, स्वच्छ.

"आवाजाचं परत वाचा."

मी परत वाचलं.

"सोच्छ म्हंजी घरघर जाईल का?"

"तसंच लिहिलंय, काका."

त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळाचं काम नुकतंच झालं होतं. जुन्या दगडी भिंती पाडून संगमरवर बसवला होता आणि शेंदराने माखलेली जुनी मूर्ती आत परत बसवली होती. काका चहा ओतता ओतता म्हणाले, "ह्येबी तसंच. देऊळ नवं होतंय, देव त्योच राहातो."

नवा गेम जुन्या कॉम्प्युटरवर चालणार नव्हता. त्यांनी जुना कॉम्प्युटरच्या दुकानात दिला आणि तिथून नवा आणला.

ज्या दिवशी गेम सुरू होणार होता, त्या दुपारी त्यांनी आडोशामागची जागा झाडली, एक खुर्ची आणली आणि तिच्यावर उशी ठेवली. कोण येणार आहे, असं मी विचारण्याआधीच म्हणाले, "आईला बोलावलं. तिला आता कमी ऐकू येतं. जुन्यात घरघर लई व्हती, तिला उमगलं नसतं."

आणि मग, फडक्याने पडदा पुसत, त्यांनी मला ते सांगितलं. कॅफे त्यांच्या धाकट्या भावाचा होता. त्यानेच गेममधला औषधाच्या पेटीचा आवाज काढून तिथे माइकवर स्वतःचा आवाज भरला होता, गंमत म्हणून. "मला म्हणला, दादा, गेममधी माझा आवाज भरला, आता गेम हाय तवर मी हाय." पुढे कळमनुरीच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली. "फोटो लई हायेत घरी. पर फोटो बोलत न्हाईत ना, पोरी. एवढंच एक बोलणं राहिलंय त्याचं. तेबी मार खाल्ल्याबिगर ऐकू येत न्हाई." आणि ते हसले.

माझ्या लक्षात आलं. भावाने आवाज गेममध्ये भरलाच नव्हता. तो त्या एका, देऊन टाकलेल्या कॉम्प्युटरमध्ये भरला होता. मी तोंड उघडलं. पण दारात रिक्षा थांबली होती आणि काका आईला हात द्यायला धावले होते.

आई लहानखुऱ्या होत्या. नऊवारी नेसलेल्या, डोक्यावर पदर. खुर्चीत बसल्यावर पडद्याकडे न बघता त्या लेकाकडेच बघत राहिल्या.

"काय दावतू रं?"

"दावायचं न्हाई, ऐकवायचंय. गप बस जरा." ते उठले. "पंखा बंद करतो जरा."

पडदा खरोखर सुंदर होता. ओल्या भिंती, मशालींचा हलता उजेड. काका त्या ओळखीच्या दारातून आत गेले आणि राक्षसासमोर उभे राहिले. पडदा लाल झाला. ते वळले, कोपऱ्यात पळाले. पेटी तिथेच होती, काचेची, आतून निळी चमकणारी.

टिंग.

"घंटी वाजली," आई म्हणाल्या.

"थांब. दुसऱ्या खेपेला येतंय."

पुन्हा राक्षस, पुन्हा पेटी. टिंग. आवाज अगदी स्वच्छ होता, त्यामागे काहीच नव्हतं. काका पुन्हा गेले. मग पुन्हा. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. आई पदराने वारा घेत होत्या.

"लेकरा," त्या शेवटी म्हणाल्या, "पंखा लाव की. गरम होतंय."

काकांनी पंखा लावला. आईला रिक्षात बसवून दिलं. कोणाचा आवाज ऐकवायचा होता, हे त्यांना काकांनी सांगितलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चला मॅडम, जुनं परत घेऊन येऊ."

मी त्यांच्यामागे निघाले. कॉम्प्युटरच्या दुकानातला पोरगा स्क्रू पिळत होता. "ते व्हय? ते तर खोललं, काका. डबा गेला भंगारात."

"हार्डडिस्क?" मी विचारलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"ती फोडली, ताई. काकाच म्हणले व्हते. लोकाइचे आधार कार्ड हायेत त्यात, फोटो हायेत, कोणाच्या हाती लागू नये, माह्यासमोर फोड. ह्यांच्यासमोरच हातोडी घातली की." तो काकांकडे वळला. "व्हय ना, काका?"

"बराबर," काका म्हणाले.

त्यानंतर त्यांनी पंखा कधी बंद केला नाही. पावसाळा आला, थंडी आली, माणसं कुडकुडत फॉर्म भरायची, पंखा चालूच. गेम त्यांनी पुन्हा लावला नाही. आडोशामागे बंद पडद्यासमोर मान वर करून बसलेले असायचे.

मी एकदा चहा ठेवायला गेले तेव्हा म्हणाले, "त्याच्या बोलण्यामागं घरघर व्हती ना, ती ह्या पंख्याची. त्यानं आवाज भरला तवा ह्योच चालू व्हता. मी म्हणलं व्हतं त्याला, बंद कर ना बाबा आधी. तर म्हणला, गरम होतंय, दादा."

पंखा फिरत होता. प्रत्येक फेरीला एकदा कट् करत होता. मी कप ठेवला आणि तिथेच उभी राहिले. आम्ही दोघं ऐकत होतो. त्या घरघरीपुढे बोलणारा मात्र कोणी नव्हता.

पुढच्या उन्हाळ्याआधी त्यांनी दुकान सोडलं आणि आईला घेऊन आखाडा बाळापूरकडे गावी गेले. आईला आता काहीच ऐकू येत नाही, असं कोणीतरी सांगितलं. काकांबद्दल कोणी काही सांगत नाही, आणि मला विचारता येत नाही.

तिथे आता मोबाइलच्या कव्हरचं दुकान आहे. झेरॉक्सचं मशीन, खुर्च्या, तो नवा कॉम्प्युटर, सगळं काका तसंच ठेवून गेले. परवा मी कव्हर घ्यायला म्हणून गेले. दुकानदार घाम पुसत होता. "काय माणूस व्हता तो," मला म्हणाला, "एवढा भारी कॉम्प्युटर सोडला आन् जुनाट पंखा काढून नेला."

मी वर पाहिलं. छताला नुसता हूक होता.