पीळबाईंचा बारावा गुन्हेगार

गावात त्यांना सगळे पीळबाई म्हणत. सुताच्या पिळावर अकरा रहस्यकादंबऱ्या लिहिल्या म्हणून हा किताब मिळाला, अशी बाईंची प्रामाणिक समजूत होती. ज्यांनी त्या अकराही कादंबऱ्या बाईंच्या तोंडून ऐकल्या होत्या, त्यांच्याकडे दुसरं कारण होतं.

कादंबऱ्या मात्र घरंदाज. मुडदा पहिल्याच प्रकरणात लोकरीच्या ढिगाखाली सापडायचा, तोही अंगावर एक थेंब न सांडता, कारण लोकरीवरचा रक्ताचा डाग धुऊन जात नाही. पोलीस ठार निर्बुद्ध. मग एक पोक्त कातणारी बाई चष्मा पुसून सुताचा तुकडा उजेडात धरायची आणि म्हणायची, "पीळ खोटं बोलत नाही." शेवटी सगळे संशयित एका खोलीत, आणि गुन्हेगार ढसाढसा रडत कबूल. अकरा वेळा.

बाराव्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. प्रकाशन नेहमीसारखं वाचनालयाच्या सभागृहात. रिवाज असा, की बाईंनी मंचावर बसून टकळीवर एक सलग, न तुटणारा धागा कातायचा आणि लोकांनी श्वास रोखून बघायचं. अडचण एवढीच, की वर्षभरापासून बाईंचा उजवा हात थरथरत होता. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, बाईंना आणि त्या हाताला. बाईंनी त्याला स्वेटरच्या खिशात राहायची सवय लावली होती. हात उघडा पडला असता तर बुधवारचा कताईवर्ग गेला असता, आणि बाई 'एके काळी कातायच्या त्या' झाल्या असत्या.

तर बुधवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत वर्ग भरे. निवृत्त नर्सबाई, शिंपीणबाई, रंगारीकाकू आणि पीळबाई. हातातली टकळी आणि तोंडाची टकळी, दोन्ही एकदम चालत. बाई आपलं सूत सगळ्यांकडे पाठ करून कातत आणि घाईने टोपलीत झाकून कपाटात ठेवत. त्या सुतात आता कुठे बोटाएवढा गोळा, कुठे केसाएवढा धागा. पण पुढच्या बुधवारी कपाट उघडावं, तर टोपलीत गुळगुळीत, एकसारखं सूत!

दुसरं कोणी असतं तर देवाचे आभार मानून गप्प बसलं असतं. बाईंनी गुन्हा जाहीर केला.

"माझ्या सुताला कोणीतरी हात लावतंय!"

"काही चोरीला गेलं का?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"गेलं नाही, सुधारलंय. हे त्याहून वाईट."

मग बाईंनी अकरा वेळा लिहिलेला प्रवेश प्रत्यक्षात लावला. दार बंद, तीन संशयित खुर्च्यांवर, सूत खिडकीच्या उजेडात. अर्थात डाव्या हातात. उजवा खिशात.

"नीट बघा. माझं सूत उजव्या पिळाचं. हा मधला तुकडा डाव्या पिळाचा. उजव्यावर डावा पीळ जोडला, की दोन्ही उलगडतात. म्हणून या शहाण्या गुन्हेगाराने काय केलंय? गाठ मारलीय! माझ्या सुतात, गाठ!"

"म्हणजे गुन्हेगार डावरी," रंगारीकाकू म्हणाल्या. "मग आमच्यातलं कोणी नाही बाई. आता पाणी प्यायला जाऊ का?"

"बसा! नाट्य संपलेलं नाही."

तेवढ्यात दार उघडलं. बाईंची सून आत आली. ती याच वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसायची, आणि कपाटाची किल्ली तिच्याकडेच असायची.

"आई, खोलीच्या वहीत तुमची सही राहिलीय." तिने पेन पुढे केलं. डाव्या हाताने.

बाई त्या हाताकडे बघत राहिल्या. लग्नाच्या वर्षी याच पोरीने हौसेने टकळी उचलली होती, याच हातात. "सुताला उलटं वळण लावू नकोस," बाई फटकन म्हणाल्या होत्या. तिने टकळी खाली ठेवली होती. कायमची, असं बाई धरून चालल्या होत्या.

गुन्हेगार समोर उभा होता. पुरावा हातात होता. टाळीचं वाक्य ओठांवर होतं. बाईंनी प्रेक्षकांवरून नजर फिरवली, आणि एकाही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. नर्सबाई छताकडे बघत होत्या; छतावर काही नव्हतं. शिंपीणबाई सुईत दोरा ओवत होत्या, दोरा नव्हता. इतका वाईट अभिनय बाईंनी पहिल्याच प्रकरणात पकडायला हवा होता. सूनच काय, खिशातला हातसुद्धा सगळ्यांना कधीचा ठाऊक होता.

आणि गुन्हेगाराने एकदा कबुली दिली, की त्याला हेतूही सांगावा लागतो, आणि इथे हेतू बाईंच्या खिशात होता. कबुलीमागून हेतू, हे अकरा वेळा बाईंनीच शिकवलं होतं.

"आई? सही?"

"तूच कर माझ्या नावाने," बाई हळूच म्हणाल्या.

"अहो, पण गुन्हेगार कोण?" रंगारीकाकूंनी साळसूदपणे विचारलं.

"मांजर."

"मांजर कातते?"

"तुमच्यापेक्षा बरी कातते. चला, उठा आता."

घरी जाताना अर्ध्या रस्त्यात बाई सुनेकडे वळल्या.

"गाठ कशाला मारलीस गं?"

"जुळतच नव्हतं. तुमचं उजवं, माझं डावं."

"नाहीच जुळायचं. पहिल्या वेढ्यापासून डावंच हवं." बाई थांबल्या. "माझा डावा हात अजून धड आहे. शिकवशील?"

"ओरडणार नसाल तर."

"शिकवणारीने ओरडायचं असतं."

"ते तुमच्या वर्गात. माझ्या नाही."

प्रकाशनाच्या दिवशी बाई मंचावर बसल्या आणि शेजारी सून. बाईंनी डाव्या हाताने टकळी फिरवली. न तुटणारा धागा तीनदा तुटला. तिन्ही वेळा सुनेने जोडून दिला, पीळ एकच असल्यामुळे गाठीशिवाय. उजवा हात मांडीवर उघडा थरथरत होता. कोणीही उठून गेलं नाही. बुधवारचा वर्ग चालूच आहे, फक्त शिकवणारी बदलली आहे.

बाराव्या कादंबरीत गुन्हेगार सापडतच नाही. एका वाचकाने रागावून पत्र पाठवलं: शेवट पटला नाही, या वेळी पीळ कमी पडला.

एवढ्या वर्षांत ही तक्रार पहिल्यांदाच आली होती. सुनेने ते पत्र चौकटीत घालून वर्गाच्या भिंतीवर लावलं.