दिवसभराचं तिकीट

देऊळघाटच्या तानाबाईंना आयुष्यात दोनच माणसांचा राग यायचा. एक म्हणजे सकाळी कापड टाकून संध्याकाळी ब्लाऊज मागणारी बाई, आणि दुसरं म्हणजे "तुम्हाला नाही जमायचं" असं म्हणणारं कोणीही. पहिलीचा समाचार त्या तोंडानं घेत. दुसऱ्याशी वाद घालत नसत, सरळ करूनच दाखवत.

गावात त्यांचं शिलाईचं दुकान. बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि तानाबाईंना जणू पंखच फुटले. अस्तर आणायला बुलढाणा, लेकीला भेटायला साखरखेर्डा, कोणाचं लग्न असलं की शेगाव. कंडक्टर जवळ आला की "एक हाफ द्या" असं त्या अशा थाटात म्हणत, की शेजारच्या पुरुषाला आपलं फुल तिकीट काढताना उगाच ओशाळल्यासारखं व्हावं. त्यांचे मालक पंजाबराव म्हणायचे, "आमची बाई घरात कमी अन् एसटीत जास्त राह्यते."

तर अशा या तानाबाई थेट म्युनिकला गेल्या. त्यांचा थोरला प्रसेनजित तिथं पीएचडी करत होता. विषय आपल्याच पूर्णा नदीकाठचा, खारपाणपट्ट्यातल्या खाऱ्या पाण्याचा. चार वर्षांचं काम झालं होतं आणि आता शेवटची परीक्षा उरली होती. भरल्या सभागृहात उभं राहून आपलं काम सांगायचं आणि प्राध्यापक विचारतील त्याला उत्तर द्यायचं. घरच्यांनाही तिथं बसता येतं, असं पोरानं कळवलं, तेव्हा तानाबाईंनी त्याच दिवशी पासपोर्टचं विचारायला सुरुवात केली. पंजाबरावांनी मात्र विमानाचं नाव काढताच हात जोडले. "मी जमिनीवरचा मानूस हाये. तू जाऊन ये, मंग मले सांगजो."

म्युनिकला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी प्रसेनजितनं आईला ट्रामच्या थांब्यावर नेलं आणि तिकिटाचं मशीन दाखवलं. जवळ जायचं असेल तर छोटं तिकीट, लांब जायचं तर एका खेपेचं, दिवसभर हिंडायचं तर दिवसाचं, आणि चारपाच जण मिळून असले तर सगळ्यांचं मिळून एक. तानाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् बायाइचं हाफ कोनतं?"

"आई, इथी बायाइले हाफ नाई. लहान पोराइले हाये."

"नाई?" तानाबाईंनी मशीनकडे अशा नजरेनं पाहिलं, की माणूस असतं तर त्यानं मान खाली घातली असती. "एवढा मोठा देश, अन् बाईले हाफ नाई? मंग आपली एसटी काय वाईट हाये बे?"

प्रसेनजित हसत सुटला. पण तानाबाई गंमत करत नव्हत्या. पुढचे दोन दिवस त्या देशाविषयी त्यांच्या मनात थोडी अढीच होती.

मग तो दंडाचा प्रकार घडला. प्रसेनजितनं एक तिकीट काढून आईच्या हातात दिलं, ट्राममध्ये बसवून दिलं आणि सांगितलं, "चौथ्या थांब्यावर उतरजो, समोरच भाजीचं दुकान हाये." तानाबाई खिडकीशी बसल्या. तिकीट मुठीत घट्ट. डब्यात कोणीच काही करत नव्हतं. जो तो येऊन गुपचूप बसत होता. त्याही बसल्या आणि कंडक्टरची वाट पाहू लागल्या. आला. साध्या कपड्यांतला होता, पण गळ्यातलं ओळखपत्र पाहून तानाबाईंनी ओळखलं आणि तिकीट ऐटीत पुढं केलं. त्यानं ते उलटून पाहिलं, पालटून पाहिलं, आणि एका कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

त्या कोऱ्या जागेवर शिक्का लागतो. ट्राममध्ये चढलं की दाराजवळच्या लहान पेटीत तिकीट घालायचं आणि आपणच आपला शिक्का मारून घ्यायचा. इतरांकडे महिन्याचे पास, म्हणून कोणी त्या पेटीकडे फिरकत नव्हतं. प्रसेनजितकडेही फोनमध्ये पास. चार वर्षांत त्याला शिक्का मारायची वेळच आली नव्हती, त्यामुळे आईला सांगायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. तानाबाईंनी त्या माणसाला अस्सल वऱ्हाडीत समजावलं, "पैसे देल्ले ना बाप्पा मशीनले! चोरी केली काय मी?" माणूस सभ्य होता. त्यानं शांतपणे दंडाची पावती फाडली.

घरी आल्यावर त्यांनी दंडाची पावती प्रसेनजितपुढं ठेवली. त्यानं चूक स्वतःवर घेतली, "मायीच चूक हाये." पण बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं, "जाऊ दे आई. आता एकटी कुठी जाऊ नको. तुले नाई जमत हे."

बस्स. कुठं बोट ठेवलं हे त्या पोराला कळलंही नाही. तानाबाई "बरं" म्हणाल्या. पण त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही विचारा, त्यांच्या "बरं"चा अर्थ होकार असा कधीच होत नाही.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना एक गोष्ट उमगली आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. या देशात कंडक्टर नाही असं नाही. इथं प्रवासीच कंडक्टर. तिकीट आपणच निवडायचं, आपणच फाडायचं, शिक्का आपणच मारायचा, उतरायचं असलं की घंटीही आपणच वाजवायची. जन्मभर एसटीनं हिंडलेल्या बाईला कंडक्टर काय करतो हे कोणी शिकवायला नको.

परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षा दुपारी होती. प्रसेनजित पहाटेच निघून गेला. त्याचा मित्र कुशल आईला घेऊन येणार, असं ठरलं होतं. अकराच्या सुमारास प्रसेनजितचा फोन आला. कुशल तापानं फणफणला होता, अंथरुणातून उठत नव्हता.

"आई, मी लॅपटॉप लावून ठेवला हाये. तुले फक्त ते हिरवं बटन दाबाचं हाये. घरूनच पाह्य. मले इथून येता येत नाई, अन् एकदा सुरू झालं की दार बंद करतेत."

"बरं," तानाबाई म्हणाल्या.

फोन ठेवला आणि त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं. अर्ध्या जगावरून ज्या पोराला उभं राहिलेलं पाहायला आलो, त्याला काचेत पाहायचं? काचेत तर देऊळघाटलाही दिसला असता. भीती वाटत होती हे खरं. परका मुलूख, परकी बोली, आणि पहिल्याच खेपेला नाक कापून घेतलेलं. पण न जाता राहिलो तर हा दिवस पुन्हा येणार नाही, हेही तितकंच खरं होतं. त्यांनी निळी पैठणी काढली, वर पोराचं जाड जाकीट चढवलं आणि दार लावून घेतलं.

मशीनसमोर आल्या. भाषा निवडायला इंग्रजांचा झेंडा दाबला, कारण दहावीपर्यंतचं इंग्रजी अजून थोडं शिल्लक होतं. आता कोणतं घ्यायचं? एका खेपेचं तिकीट पुरेसं होतं. विद्यापीठ एकाच ट्रामवर, प्रसेनजितनं नेऊन सभागृहही दाखवलं होतं. पण एका खेपेच्या तिकिटावर पुढंच जाता येतं, मागं फिरता येत नाही. आणि तानाबाईंना स्वतःविषयी एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की आपण कुठंतरी चुकणार. ब्लाऊज शिवताना त्या नेहमी शिलाईच्या आत माया सोडत, म्हणजे जास्तीचं कापड. गिऱ्हाईक लठ्ठ झालं तरी उसवून वाढवता यावं म्हणून. ज्या शिंप्याला आपला हात कधीच चुकत नाही असं वाटतं, त्याचं ब्लाऊज वर्षात फाटतं, असं त्यांचं मत. त्यांनी दिवसभराच्या तिकिटावर बोट ठेवलं.

मशीननं नोट बाहेर थुंकली. पुन्हा घातली, पुन्हा थुंकली. नोट बटव्यात घडी होऊन होऊन पार चुरगळली होती. मागं दोन माणसं येऊन उभी राहिली. देऊळघाटच्या थांब्यावर एव्हाना दहा जणांनी दहा सल्ले दिले असते, इथं कोणी चकार शब्द काढेना. त्या शांततेनंच माणसाला घाम फुटावा. तानाबाईंनी मात्र घाई केली नाही. नोट मांडीवर ठेवली, तळहातानं इस्त्री केल्यासारखी दाबली आणि सरळ करून आत सरकवली. मशीननं ती घेतली. तिकीट खाली पडलं.

ट्राम आली. दारावरचं बटण दाबलं, दार उघडलं. आत शिरल्या शिरल्या पेटी गाठली. खट्ट! तिकिटावर शिक्का उमटला. तो खट्ट आवाज ऐकून डब्यातली एक म्हातारी वळून पाहू लागली. तानाबाईंनी तिला हसून मान डोलावली आणि खिडकीशी जाऊन बसल्या.

पाच थांबे गेले तरी ओळखीचं काही दिसेना. दुकानं सरली, घरं विरळ झाली, झाडं सुरू झाली. मग तानाबाईंच्या ध्यानात आलं. आपण उलट्या दिशेला निघालोय! आपल्याकडे गाड्या डाव्या अंगानं चालतात. बुलढाण्याकडे जायचं तर रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं, हे त्यांच्या पायांना पाठ होतं, आणि पाय सवयीनं त्याच बाजूला जाऊन उभे राहिले होते. इथं सगळं उजव्या अंगानं. घंटीचं बटण दाबून त्या उतरल्या.

रस्ता ओलांडून समोरच्या थांब्यावर गेल्या. वारा असा, की डोळ्यांतून पाणी यावं. त्यातलं थोडं वाऱ्यामुळं नव्हतंही. पण हातात दिवसाचं तिकीट होतं. पुन्हा मशीन नको, पुन्हा नोट नको, कोणाची विनवणी नको. चुकलो तर चुकलो. ट्राम आली, त्या चढल्या. सवयीनं तिकीट पुन्हा पेटीकडे नेलं आणि वेळीच हात आवरला. एकदा मारला तो शिक्का दिवसभर चालतो.

आणि शहराच्या मध्यावर तपासणीस आले. दोघं होते. तानाबाईंनी ते जवळ यायच्या आधीच हात लांब करून तिकीट धरलं. त्यातल्या बाईनं शिक्का पाहिला, "डांके", म्हणजे धन्यवाद, म्हणाली आणि पुढं गेली. तानाबाईंना जरा वाईटच वाटलं. एवढ्या मेहनतीचं तिकीट, अजून थोडा वेळ पाहायला काय झालं होतं तिला?

विद्यापीठाच्या थांब्यावर त्या उतरल्या आणि चालायच्या ऐवजी जवळजवळ धावल्याच. पैठणीचे सोगे एका हातात, तिकीट दुसऱ्या हातात. जिने चढल्या. सभागृहाचं दार बंद होतं. आतून प्रसेनजितचा आवाज ऐकू येत होता.

क्षणभर त्या दारासमोर थबकल्या. लोक काय म्हणतील, पोराची लाज जाईल का, त्याचं चित्त ढळेल का, हे सगळं मनात येऊन गेलं. मग त्यांना वाटलं, एसटीचं दार लागलं म्हणून काय आपण कधी स्टँडवर उभं राहिलोय? त्यांनी दार ढकललं.

दार करकरलं. सगळं सभागृह वळून पाहू लागलं. समोरच्या भिंतीवर मोठा नकाशा होता, त्यावर शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, आणि मधून पूर्णेची निळी रेघ. नकाशासमोर सूट घातलेला त्यांचा प्रसेनजित. बोलता बोलता तो अर्ध्या वाक्यात थांबला. परीक्षा, प्राध्यापक, जर्मनी, सगळं विसरला आणि भर सभेत घरच्या बोलीत म्हणाला, "आई! कोनासंग आली?"

"कोनासंग येनार?" तानाबाईंनी दारातूनच उत्तर दिलं. आवाज शिलाईच्या दुकानातला, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. "एकटी आली. तिकीट काढून. शिक्का मारून."

पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या केसांच्या प्राध्यापक बाईंनी काहीतरी विचारलं. प्रसेनजितनं त्यांच्या भाषेत सांगितलं. काय सांगितलं ते तानाबाईंना कळलं नाही. पण त्या बाईंनी मूठ वळली आणि समोरच्या बाकावर ठकठक वाजवायला सुरुवात केली. मग शेजारच्यानं, मग मागच्या रांगेनं, मग सगळ्या सभागृहानं. तिकडे टाळ्यांच्या ऐवजी असंच वाजवतात, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. तरी त्यांना ते बरोबर समजलं. बसमध्ये शेवटचा माणूस चढला की आपल्याकडे पत्र्यावर अशीच थाप मारतात.

तानाबाई मोकळ्या खुर्चीवर जाऊन बसल्या. ऊर असा भरून आला होता, की जाकिटाची चेन खाली ओढावी लागली. प्रसेनजितनं डोळ्यांवरून एकदा बाही फिरवली, हातातली काठी पूर्णेच्या रेघेवर ठेवली, आणि त्याचा आवाज मघापेक्षा मोठा निघाला.