क्लचच्या डबीतलं ऑइल

पुण्याहून निघताना आमच्या गाडीत पाण्याच्या दोन पेट्या, तीन प्रकारची डासांची मलमं, साप चावल्यास काय करावं याचा छापील कागद आणि माझं गाडीविषयीचं ज्ञान एवढा ऐवज होता. त्यातलं पाणी तेवढं उपयोगी पडलं. सोसायटीच्या ग्रुपवर मी ‘खरा महाराष्ट्र बघायला निघालो’ असं लिहिलं होतं आणि त्यावर भराभर अंगठे आले होते. माझी बायको मेधा हिने अंगठा दिला नाही. ती शेजारच्याच सीटवर बसून ते वाचत होती.

चंद्रपूर जिल्ह्यातलं गडचांदूर प्रथम दिसतं ते राखाडी. सिमेंटच्या कारखान्यांची धूळ झाडांवर, छपरांवर आणि रस्त्यात बसलेल्या म्हशींवर सारखीच पसरलेली असते. ट्रकांच्या रांगेत अडकलो असताना क्लचचं पेडल पायाखाली मऊ लागायला लागलं. गिअर टाकला की करकर आवाज. रस्त्यालगत एक गॅरेज दिसलं तिथे गाडी घातली.

गॅरेजवाल्याचं नाव गजानन. तिशीतला, हळू बोलणारा माणूस. तो गाडीखाली गेला आणि ओलं बोट दाखवत बाहेर आला. “खालचा सिलिंडर लीक होऊन राह्यला साहेब. रबर गेलं आहे. उद्यापर्यंत ठेवा, किट मागवतो.”

पुण्याची नंबरप्लेट बघून मेकॅनिक काय काय सांगतात याविषयी मी पुष्कळ ऐकून होतो. म्हणून मी त्याला क्लच कसा चालतो ते समजावलं. पेडल दाबलं की वरच्या सिलिंडरमधलं ऑइल नळीतून खालच्या सिलिंडरला रेटा देतं, तो क्लच सोडवतो. म्हणजे ऑइल कमी झालं असेल तर भरलं की झालं. रोज हेच काम करणाऱ्या त्या माणसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं, रबर गेलं आहे. आम्ही निघालो. आरशात बघितलं तर तो बोट पुसत उभा होता.

जिवतीच्या घाटात पेडल आणखी मऊ झालं. बॉनेट उघडलं. क्लचच्या ऑइलची छोटी डबी तळाला गेलेली. माझ्याकडे डिकीत इंजिन ऑइलची अर्धी बाटली होती, त्यातलं डबीत ओतलं. “यात हेच घालतात का?” मेधाने विचारलं. “ऑइल म्हणजे ऑइल,” मी म्हणालो. हे वाक्य मी इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला माणूस म्हणून म्हणालो, हे नमूद करायला हवं.

पेडल सुधारलं आणि माझी छाती फुगली. जिवतीच्या पठारावर कापूस फुटला होता, बांधांवर तूर उभी होती. एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला खाटेवर बसवलं आणि पाणी दिलं. आमच्या दोन पेट्या गाडीत असताना आम्ही त्यांचं पाणी प्यालो. पाणी दूरवरून डोक्यावर आणावं लागतं हे त्यांनी नंतर, विचारल्यावरच सांगितलं.

पुढचे दोन दिवस ताडोबात गेले. वाघ दिसला नाही. तिसऱ्या दिवशी हेमलकशाच्या दिशेने निघालो. गोंडपिपरीपर्यंत पेडल दाबलं की वर यायला आळस करायचं. वैनगंगा ओलांडून आष्टी मागे टाकल्यावर ते बुटाच्या टोकाने उचलावं लागायला लागलं. दोन्ही बाजूंना धानाची (भाताची) कापणी चालली होती, मग सागाचं जंगल दाट होत गेलं, आणि आलापल्लीच्या थोडं अलीकडे पेडल जे तळाला जाऊन बसलं ते उठलंच नाही. मी जंगलाचा फोटो काढायला थांबल्यासारखा चेहरा केला. मेधा म्हणाली, “फोटो झाला की सांग.”

धान घेऊन जाणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याने काही न विचारता दोर बांधला आणि आम्हाला आलापल्लीत देवरावभाऊंच्या गॅरेजपाशी नेऊन सोडलं. देवरावभाऊ साठीचे, पांढऱ्या मिशांचे, कानाला पेन्सिल लावलेले. त्यांनी डबीचं झाकण उघडलं. झाकणातलं रबर पापडासारखं फुगून वेडंवाकडं झालं होतं. त्यांनी डबीत बोट बुडवलं, चोळलं, वास घेतला.

“याच्यात इंजिन ऑइल कोणं टाकलं?”

आसपास चारपाच माणसं जमली होती. मी म्हणालो, “गडचांदूरला एका गॅरेजमध्ये दाखवलं होतं. तिथल्या माणसाने टाकलं.”

“कोण? गजानन?”

मी मान हलवली. एवढ्या मोठ्या दोन जिल्ह्यांत मला नेमका त्यांच्या ओळखीचाच माणूस सापडावा! मेधा माझ्याकडे बघत होती. मी सागाकडे बघत होतो.

गजानन सहा वर्षं देवरावभाऊंच्या हाताखाली शिकलेला निघाला. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला आणि त्याला जे झापलं ते ऐकणाऱ्यांच्याही माना खाली गेल्या. क्लचमध्ये ब्रेक ऑइल पडतं, इंजिन ऑइलने रबर फुगून मरतं, हे आपण त्याला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. ब्रेकच्या डबीत टाकलं असतं तर या लोकांची आज घाटात राख झाली असती, असं ते म्हणाले. पलीकडून काहीतरी बोलणं येत होतं, ते त्यांनी ऐकून घेतलं नाही. शेवटी म्हणाले, खाणीतल्या वर्कशॉपात तुझ्या नोकरीसाठी शब्द टाकणार होतो, तो आता टाकत नाही. आणि फोन ठेवला.

दोन्ही सिलिंडरचे रबर किट चंद्रपूरहून एसटीने सकाळी यायचे होते. जवळ लॉज होतं, पण देवरावभाऊंच्या घरून जेवायला बोलावणं आलं. लाखोळीची डाळ, भात, वांग्याची भाजी आणि वर भरपूर सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे ताटात सांबार शोधून झाल्यावर मला कळलं. देवरावभाऊ फारसे जेवले नाहीत. त्यांच्या बायकोने सांगितलं की गजानन पोरासारखा आहे, आज यांचं मन लागून नाही राह्यलं. आमच्या पानात मात्र दोघेही आग्रहाने वाढत होते.

लॉजकडे परत येताना मेधा म्हणाली, “तू सांगणार आहेस की मी सांगू?”

मी म्हणालो, गाडी दुरुस्त झाली की बघू. हे किती नीच वाक्य आहे ते बोलल्यावर कळलं.

सकाळी एसटीच्या कंडक्टरने पार्सल दिलं. देवरावभाऊंनी दोन्ही सिलिंडर खोलले. आतली रबरं फुगून मऊ पडली होती, नखाने तुटत होती. त्यांनी सिलिंडर धुतले, नळी ताज्या ब्रेक ऑइलने दोनदा साफ केली, नवी रबरं बसवली. मग हवा काढायचं काम. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पेडल दाबून उपयोग नसतो, रेटा हवेतच जिरतो. सलाइनच्या नळीचा तुकडा त्यांनी खालच्या सिलिंडरच्या निपलला, म्हणजे हवा सोडायच्या तोटीला, लावला, दुसरं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवलं, आणि पोतं टाकून गाडीखाली शिरले. पेडलवर मी.

“दाबा. धरून ठेवा.” निपल ढिला होई, बाटलीत बुडबुडे फुटत, निपल आवळला जाई. “सोडा.”

असं दहाबारा वेळा झालं. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते आणि त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता. तेवढंच धाडस माझ्यात होतं. पेडल दाबून धरलेलं असताना मी म्हणालो, “देवरावभाऊ, ते ऑइल गजाननने नाही टाकलं. मी टाकलं. त्याने रबर गेलंय म्हणून सांगितलं होतं.”

मी सोडायला गेलो.

“धरून ठेवा.”

मी धरून ठेवलं. पोटरी थरथरायला लागली, मग मांडी. किती वेळ गेला कोण जाणे. मेधा दाराशी उभी होती, तिला सगळं ऐकू आलं होतं.

“काऊन सांगतलं नाई काल?”

“लाज वाटली.”

“आता सोडा,” ते म्हणाले.

उरलेली हवा निघाली. पेडल ताठ झालं. ते बाहेर आले, चिंध्यांना हात पुसले, फोन लावला आणि माझ्या हातात दिला. “मले नका सांगू. त्याले सांगा.”

मी गजाननला सगळं सांगितलं, माफी मागितली. तो म्हणाला, “माह्यावर कोणाचा विश्वास नाई बसला साहेब, काल दिवसभर.” एवढंच. त्यानंतर त्याने विचारलं, दोन्ही सिलिंडरची रबरं बदलली ना? फक्त खालचं बदललं असेल तर वरचं रस्त्यात जाईल. मी हो म्हणालो. फोन देवरावभाऊंनी घेतला आणि ते गॅरेजच्या मागे गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. परत आले तेव्हा डोळे लाल होते आणि त्यांनी माझ्याशी फक्त गाडीचं बोलणं केलं. वर्कशॉपात शब्द टाकला का, हे विचारायचा मला हक्क नव्हता. मेधाने विचारलं. तिला त्यांनी सांगितलं, टाकला.

हेमलकसा पाहून, भामरागडच्या नद्यांचा संगम बघून आम्ही परतलो. सबंध रस्ता पेडल कुरकुरलं नाही. मेधा चंद्रपूरपर्यंत मोजकं बोलली, वर्ध्यानंतर नेहमीसारखं.

पुण्यात गाडी सर्व्हिसिंगला दिली. टाय घातलेल्या सुपरवायझरने बॉनेटमध्ये डोकावून ओठ मुडपले. “कुठल्यातरी लोकल मेकॅनिकने हात लावलेला दिसतोय.”

मी म्हणालो, लोकल मेकॅनिकने नीट केलंय, बिघडवलं होतं मी. क्लचमध्ये इंजिन ऑइल ओतलं होतं, तसं सर्व्हिसच्या कार्डावर लिहा. तो हसला. त्याला तो विनोद वाटला. मी पुन्हा सांगितलं, तेव्हा त्याने कार्ड माझ्यासमोर धरलं. किलोमीटर, टायर, बॅटरी, वायपर, सगळ्यांना रकाने होते. याला नव्हता. म्हणून ते इथे लिहिलं आहे.