फडकं की मेंढपाळ

चक्क्याचं फडकं नळाला टांगलं आणि आंबूस पाणी ठिबकायला लागलं, की मला परदेशात नवीन असतानाची, डँडेनॉन्गमधली ती सकाळ आठवते. पावाच्या फॅक्टरीत माझी पहिलीच शिफ्ट होती आणि बस चुकली, तेव्हा शेजारचे रोमानियन आजी-आजोबा देवासारखे गाडी घेऊन आले. वाटेत आजींच्या मांडीवरचा डबा बघून मी सहज विचारलं, "डब्यात काय?" "ब्रिंझा," आजी म्हणाल्या, "आमच्याकडचं चीज. मूळ शब्द लॅटिन, चीज गाळायच्या फडक्यावरून आलेला." "फडक्यावरून?" आजोबांनी गाडीच कडेला घेतली, कारण हातवारे केल्याशिवाय त्यांना भांडता येत नसे. "रोमन यायच्या आधीपासून आमचे मेंढपाळ हाच शब्द वापरतात!" "तू होतास वाटतं ऐकायला?" "माझे आजोबा मेंढ्या पाळायचे. तुझे पोस्टात होते!" काय म्हणावं या माणसांना! मी सारखी घड्याळ बघतेय, आणि ज्यांनी आपण होऊन गाडीत घेतलं त्यांच्यावर ओरडणार तरी कशी? तेवढ्यात आजी मागे वळल्या, "तूच सांग, कोणाचं खरं?" मी नववीत शाळा सोडलेली. म्हटलं, "आजी, मला एवढंच कळतं, की उशीर झाला तर माझी नोकरी जाईल!" दोघंही ओशाळले, गाडी निघाली, मी कशीबशी वेळेत पोचले, पण शेवटच्या सिग्नलला आजोबा पुटपुटलेच, "फडक्यावरून म्हणे!" आता आजोबा नाहीत. परवा आजींकडे फडक्यासकट चक्का घेऊन गेले आणि त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, "तुमचंच खरं होतं हो." तर केवढ्या भडकल्या माझ्यावर! "काहीतरीच काय? मेंढपाळांचाच शब्द आहे तो!"