श्रावणीचा वरचा मजला

घरात लाकडाचं काम काढलं की भुसा दोन दिवसांत झाडून निघतो, किस्से मात्र निघता निघत नाहीत. आमच्या श्रावणीचा लॉफ्ट बेड बसून तीन महिने होत आले, तरी शाळेच्या स्टाफरूममध्ये डबे उघडले की कुणीतरी म्हणतंच, "टीचर, तो बेडचा किस्सा सांगा की!" मी विचारते, "त्यातला कुठला?" एकच असता तर केव्हाच सांगून संपला असता!

लॉफ्ट बेड म्हणजे वर झोपायचं, खाली अभ्यासाचं टेबल आणि बाजूला सामानाचे खण. नऊ वर्षांच्या मुलीची अख्खी खोली सहा बाय तीन फुटांत. आम्हाला तो घ्यावा लागला आप्पांमुळे. आप्पा म्हणजे माझे वडील, बेळगुंदीचे शेतकरी. आई गेल्यापासून गावी एकटेच. मला भाऊ नाही. जूनमध्ये न्हाणीत त्यांचा पाय घसरला, मनगटाला प्लास्टर बसलं, आणि मी हट्टानं त्यांना कॅम्पातल्या आमच्या भाड्याच्या घरी शहरात घेऊन आले. घर केवढं, तर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आतली खोली श्रावणीची होती. तिथं आप्पांची कॉट आली आणि तिचं टेबल परसात गेलं.

चौथ्याच दिवशी आप्पांनी बघितलं, नात गॅसच्या ओट्यापाशी उभी राहून गणितं सोडवतेय. त्यांनी तिथल्या तिथं गावाकडं फोन लावला, पुतण्याला, म्हणजे माझ्या चुलतभावाला. "दिन्या, गणपती झालं की मला न्ह्यायला ये. लेकीच्या घरात किती दिस ऱ्हायचं? वर पोरीची जागाबी खाल्ली म्या."

मी भाजी परतत होते. सगळं ऐकलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. गणपतीला सात आठवडे होते. तेवढ्यात पोरीची जागा पोरीला परत मिळाली, तर आप्पांकडं निदान एक कारण तरी कमी उरणार होतं.

*

आधी आम्ही सगळे शोरूममध्ये गेलो. तिथं पांढराशुभ्र लॉफ्ट बेड, त्यावर निळी चादर, खाली दिवा लावलेलं टेबल. श्रावणी तर बघूनच विरघळली. सेल्समन इंग्लिशमध्ये सुरू झाला. आप्पांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मग बऱ्या हातानं बेडचा पाय धरून एकदा गदागदा हलवला. बेडबरोबर दिवाही हलला!

"आजोबा, आजोबा! हलवू नका, डिस्प्ले पीस आहे."

"व्हय, पर आमची पोरगी डिस्प्ले पीस न्हाय. ती लोळणार, उड्या मारणार."

बाहेर आल्यावर मात्र आप्पा स्वतःशीच हसायला लागले. म्हणाले, "ह्यो तर आमच्या रानातला माळा गं! डुकरं येतात म्हणून रताळ्याच्या रानात बांधतोय तसला. वर राखणदार झोपतंय. हिला वर झोपून काय राखायचं हाय?"

श्रावणीनं एका सेकंदात उत्तर दिलं, "तुम्हाला!"

आप्पा रस्त्याकडं बघत राहिले. मग बऱ्या हातानं रिक्षा थांबवली.

*

शेवटी मी निपाणीच्या नेमाण्णांना फोन केला. आमच्या शाळेचे बाक त्यांनीच केलेत, आणि त्या बाकांवर चौथी ब च्या वर्गानं उड्या मारूनही ते अजून शाबूत आहेत. एवढं सर्टिफिकेट मला पुरे होतं.

माझा नवरा महेश मशीन शॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. त्याच्या हातात मापं घ्यायचा व्हर्नियर नसला तर त्याला चुकल्यासारखं होतं. त्यानं दोन संध्याकाळी बसून ड्रॉइंग काढलं. सगळी मापं मिलिमीटरमध्ये, तीही दशांश चिन्हासकट! नेमाण्णा माप घ्यायला आले, तेव्हा तो कागद त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि घडी घालून खिशात ठेवला.

मग श्रावणीला खुर्चीत बसवलं, तिच्या डोक्यावर आडवा हात धरला आणि मला विचारलं, "आक्का, घरात सगळ्यात उंच कोण हाय?"

"तिचे बाबा."

ते महेशकडं वळले. "पाव्हणं, जरा बसा बघू खुर्चीत." आणि महेशच्या डोक्यावर चार बोटं सोडून भिंतीला बेडच्या तळाची पेन्सिलची खूण!

महेश म्हणाला, "अहो, खाली अभ्यासाला बसणार ती आहे, मी नाही. माझ्या ड्रॉइंगमध्ये तिचं माप आहे की."

"हाय की. पर लाकूड नुसतं पावसात फुगतंय. पोरगी बारा महिने वाढतीया!"

महेशनं व्हर्नियर डब्यात ठेवून दिला. आमचं घर जुनं, छत चांगलं बारा फुटांवर, म्हणून हे सगळं जमलं. त्या घराला मी एरवी गळक्या कौलांवरून शिव्या देते, पण त्या दिवशी मनातल्या मनात हात जोडले.

*

बेडला वर चढायला शिडी ठरली होती. दहा दिवसांनी नेमाण्णांचा टेम्पो दारात आला आणि बघते तर शिडीच्या जागी चार रुंद पायऱ्या! प्रत्येक पायरीच्या पोटात एक खण. मी वैतागले. कुणाला विचारून केलं हे? शिक्षिका आहे मी, आवाज चढायला वेळ लागत नाही.

नेमाण्णांनी शांतपणे माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाले, "पोरगी शिडी चढंल हो आक्का, माकडावानी चढंल. पर रात्री तिला ताप आला तर? तुम्ही साडी नेसून, हातात औषधाची बाटली घेऊन शिडी कशी चढणार?"

मी आत जाऊन चहा ठेवला. दुसरं काय करणार? माझ्या मुलीच्या तापाचा विचार माझ्या आधी निपाणीच्या एका माणसानं केला होता. साखर जरा जास्तच घातली.

*

जोडणीला माणसं दोनच, नेमाण्णा आणि महेश. नेमाण्णा वर बोल्ट आवळणार, महेश खाली आडवा होऊन फळी धरणार. आप्पा कॉटवर बसून बघत होते. पाच मिनिटं बघितलं आणि त्यांची चुळबुळ सुरू झाली. आमच्याकडं जावई म्हणजे पाटावर बसवायचा माणूस. तो धुळीत उताणा पडलाय आणि सासरा कॉटवर बसलाय, हे काही आप्पांना बघवेना.

"काय करूलालाय पाव्हणं? उठा की. मी धरतो."

"आप्पा, तुमचा हात नुकताच बरा झालाय. बसा तुम्ही."

"मग मीबी खालीच बसतो!" असं म्हणून आप्पा जमिनीवर बसलेसुद्धा. बसताना बसले, पण त्यांचे गुडघे असे आहेत की खाली जाता येतं, वर येता येत नाही! पाच मिनिटांत पाय आखडले. ते उठायला बघतात, भिंत धरतात, परत बसतात. महेशनं ते बघितलं आणि फळी सोडून त्यांच्याकडं सरकायला लागला.

वरून नेमाण्णा कानडीत ओरडले, "हिडीरी! हिडीरी!" म्हणजे धरा, धरा!

महेश तसाच अर्धवट. एक हात फळीला, एक हात आप्पांकडं. "नेमाण्णा, आप्पांना धरू का फळी धरू?"

"फळी धरा! आप्पा कुठं जात न्हाईत!"

आप्पा खालूनच म्हणाले, "बराबर हाय. फळी धरा."

आप्पांना उठवायला मी धावले. पण खरं सांगते, उठवताना मला रडू येत होतं. सासऱ्यांना आपल्या घरात ठेवून घेणारा, आणि त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून रविवारी धुळीत लोळणारा नवरा मला मिळालाय. हे मी त्याला अजून तोंडावर सांगितलेलं नाही, इथं मात्र सांगते.

*

बेड उभा राहिला. वर गादी गेली, उशी गेली. श्रावणी चढणार एवढ्यात आप्पा म्हणाले, "थांब गं. डोकं उत्तरेला आलंय की!"

पायऱ्या दाराकडं, म्हणजे दक्षिणेला, म्हणून उशी आपसूक दुसऱ्या टोकाला गेली होती. उत्तरेकडं डोकं करून आमच्या घराण्यात कुणी झोपत नाही. नेमाण्णा म्हणाले, "आमच्यातबी न्हाय झोपत." महेशनं मोबाइलवर होकायंत्र काढलं आणि म्हणाला, "अगदी उत्तर नाही, साडेतीन डिग्री ईशान्येला आहे. चालेल का?"

नाही चालणार! मग चर्चा. अख्खा बेड फिरवला तर पायऱ्या भिंतीत जातात. पायऱ्या काढून इकडं लावल्या तर खिडकी झाकते. टेबल फिरवलं तर उजेड पाठीमागून येतो. अर्धा तास तिघं पुरुष कमरेवर हात ठेवून उभे. शेवटी नेमाण्णांनी जड मनानं पाना काढला आणि पहिला बोल्ट सैल करायला घेतला.

श्रावणी वर चढली. उशी उचलली, दुसऱ्या टोकाला ठेवली आणि आडवी झाली. "असं?"

नेमाण्णांनी बोल्ट परत आवळला, पाना पिशवीत टाकला आणि मला म्हणाले, "आक्का, हिला शाळंत कशाला घालताय? निपाणीला पाठवा, वर्कशॉपात डोक्याचं माणूस पायजे हाय मला!"

*

नेमाण्णा जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे, त्यामुळं मी पाचलाच पानं घेतली. जेवण झाल्यावर आप्पा आतून गावाहून आलेलं रताळ्यांचं पोतं ओढत घेऊन आले. बेळगुंदीचा माणूस आभार मानत नाही, रताळी देतो.

नेमाण्णा अवघडले. "आप्पा, चातुर्मास हाय. चार महिने जमिनीखालचं सोडलंय मी."

आप्पांचा चेहराच पडला. त्यांच्या आयुष्यात रताळी नको म्हणणारा हा पहिलाच माणूस असावा. पोत्याचं तोंड परत बांधत त्यांनी विचारलं, "तांदूळ चालतोय न्हवं? त्यो जमिनीच्या वर येतोय."

"चालतोय की."

पुढच्या आठवड्यात बेळगुंदीहून तांदूळ निपाणीला पोचला. आणि नेमाण्णांकडून आमच्याकडं काय आलं? आप्पांच्या कॉटला बसेल असा एक लाकडी आधार, हात टेकून उठायला! सोबत निरोप, "उरलेल्या लाकडाचा हाय, नको म्हणू नका." उरलेलं लाकूड कुणी एवढं घासून गुळगुळीत करत नाही, हे मलाही कळतं.

*

पायऱ्यांतला सगळ्यात खालचा खण श्रावणीनं आप्पांना दिला. वर स्केचपेननं नाव लिहून चिकटवलं. आप्पांची पिशवी मात्र आल्या दिवसापासून भरलेली, खिळ्याला टांगलेली. त्यातला सदरा काढायचा, धुवायचा, परत तिथंच ठेवायचा.

"मला कशाला खण? मी आता जाणारच हाय. गणपती तोंडावर आलं."

"आजच्यापुरता वापरा," श्रावणी म्हणाली.

तिचं मन मोडायचं नाही म्हणून आप्पांनी त्यात चष्म्याची डबी ठेवली. आजच्यापुरती. दुसऱ्या दिवशी कंगवा, तोही आजच्यापुरता. मग टॉर्च, गोळ्या, पंचांग, आईचा फोटो. चवथीच्या आदल्या दिवशी महेश खाली वाकून खण लावायला बघतोय आणि खण काही लागेना! त्यानं आत हात घालून बघितलं, तर मागं दोन रताळी.

*

गणपती पाण्यात गेले. पुढच्या रविवारी सकाळी नऊला दिनूदादाची जीप दारात. आप्पांनी फोनवर सांगितलं होतं आणि माणूस शब्दाला जागला. मी हसून या म्हटलं, पोहे टाकले आणि ओट्याकडं तोंड करून डोळे पुसले. बेड झाला, टेबल झालं, पोरीची जागा पोरीला मिळाली. आता आप्पांना राहा म्हणायला माझ्याकडं नवीन काही उरलं नव्हतं.

"आप्पा, दिनूदादा आलाय!" मी हाक मारली.

उत्तर नाही. कॉट रिकामी. न्हाणीत नाहीत, परसात नाहीत. चपला मात्र दारातच. महेश गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. दिनूदादानं चहा बशीत ओतला आणि म्हणाला, "कुठं गेलं म्हातारं? मला दुपारच्या आत माघारी जायला पायजे गं."

मी आतल्या खोलीत गेले. श्रावणी वर बेडवर मांडी घालून, पुस्तक तोंडासमोर धरून बसलेली. तिच्या पाठीमागं गोधडीचा हा एवढा ढीग.

"श्रावणी, आप्पा कुठं आहेत?"

"मला काय माहीत?" पुस्तक काही खाली आलं नाही.

दिनूदादाही बशी हातात घेऊन माझ्या मागोमाग दारात आला. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. गोधडी हलली आणि आतून आप्पांची कुजबुज आली. शेतावरून हाका मारण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची कुजबुज ती, गल्लीत ऐकू गेली असेल!

"पोरी, दिन्याला सांग, आप्पा कवाच बेळगुंदीला गेले म्हणून!"